वाऱ्यावरची वाट

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब, याचं पुस्तकी उत्तर सुमारे १२,४०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर भरेल तेवढं हे अंतर. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर चौदा तासांच्या आत पोहोचायला हवं. पण उड्डाणाचा आराखडा आखणारा फ्लाइट डिस्पॅचर एवढ्या भागाकारावर थांबत नाही. वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा अंदाज, कोणत्या देशांची हवाई हद्द खुली आहे, अडचण आलीच तर वाटेत कुठे उतरता येईल, हे सगळं पाहून तो मार्ग आणि इंधन ठरवतो. म्हणूनच दोन शहरांमधलं किलोमीटरमधलं अंतर प्रवासाच्या वेळेबद्दल आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी सांगतं.

याचा ठळक पुरावा ऑक्टोबर २०१६मध्ये मिळाला. एअर इंडियाने याच प्रवासासाठी अटलांटिकची वाट सोडून विमान पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचलं. कारण जेट स्ट्रीम. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे हे जोरदार वारे पूर्वेला निघालेल्या विमानाला पाठीमागून रेटतात. जमिनीच्या हिशेबाने त्या दिवशीचा सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या वर गेला. वाट लांबली तर इंधनही जास्त लागणार, असा आक्षेप इथे सुचतो. पण इंजिन इंधन जाळतं ते हवा कापण्यासाठी. ताशी ९००च्या वेगाने साडेचौदा तासांत विमानाने हवेतून कापले सुमारे १३,००० किलोमीटर; उरलेले वाऱ्याने फुकट दिले.

वारा आज आहे, उद्या नाही, त्याच्यावर वेळापत्रक कसं बांधायचं, हा दुसरा आक्षेप. रोजचा जोर बदलतो हे खरं. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं, तसं रोज घडत नाही. पण वाऱ्याची दिशा आणि हिवाळ्यातली तीव्रता ठरलेली असते. म्हणून तर त्या मार्गावर पश्चिमेकडे जायला पूर्वेकडे येण्यापेक्षा वेळापत्रकातच जास्त वेळ धरलेला असतो. राजकारणाला मात्र असा ऋतू नाही. २०२२मध्ये युरोपीय विमान कंपन्यांसाठी रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि फिनएअरचा हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे नऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं होती तिथेच होती.

अंतराचा आकडा निरुपयोगी नाही. कोणतं विमान एका दमात तिथवर जाऊ शकेल, याचा विचार तिथूनच सुरू होतो. प्रवाशाने मात्र किलोमीटरऐवजी तास विचारावेत, आणि तेही जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे.