जुन्या एंजिनाचा श्वास आणि धूर

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाचा विचार करताना सिलिंडर, दट्ट्ये आणि झडपा यांच्याकडेच प्रथम लक्ष जाते. त्यांच्याखालची क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्ट जिच्यात फिरतो आणि वंगणतेल जिच्या तळाशी साठते ती कोठी, बहुधा दुर्लक्षित राहते. परंतु जुन्या मोटारीच्या प्रकृतीचे निदान करावयाचे असेल, तर या कोठीतून बाहेर पडणाऱ्या वायूची तपासणी अत्यंत उपयुक्त ठरते.

दट्ट्याभोवतीच्या कड्या कितीही चांगल्या असल्या, तरी प्रत्येक ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांना चुकवून खाली उतरतोच. त्यात न जळलेले पेट्रोल, जळालेले वायू आणि पाण्याची वाफ असते. कोठीत उडणाऱ्या तेलाचे सूक्ष्म तुषारही त्यात मिसळतात. या वायूला वाट मिळाली नाही, तर दुहेरी हानी होते. एक तर वाफ थंड होऊन तेलात मिसळते, आम्ले तयार होतात व काळा चिकट गाळ साचतो. दुसरे म्हणजे कोठीतील दाब वाढून तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलले जाते.

वायुवीजनाची जुनी रीत

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसडर मोटारीत अनेक वर्षे जे १,४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन बसवले जात असे, ते मूळचे ब्रिटिश घडणीचे. या घराण्याच्या जुन्या एंजिनांत टॅपेटच्या बाजूच्या झाकणापासून एक नळी खाली जमिनीकडे उतरते आणि दुसरी लहान नळी वरच्या झाकणापासून हवेच्या गाळणीकडे जाते. गाडी धावू लागली, की खालच्या नळीच्या तोंडावरून वाहणारी हवा कोठीतील वायू ओढून घेते. मात्र गाडी उभी असताना किंवा गर्दीत रांगत असताना हे शोषण जवळजवळ थांबते. चौकात थांबलेल्या जुन्या गाडीखालून धुराची अंधुक रेघ दिसली, तर तो नेहमीच दोष नसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हे वायू थेट हवेत सोडण्याची रीत मात्र टिकली नाही. शहरांवरील धुरक्यात हायड्रोकार्बनांचा वाटा आहे हे १९५० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. १९६१ च्या नमुन्यापासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत कोठीतील वायू झडपेच्या नियंत्रणाखाली पुन्हा एंजिनात नेऊन जाळण्याची योजना आली.

निदानाचा क्रम

धूर दिसताच एंजिन उघडावयास घेणे ही चूक महागात पडते. प्रथम धूर कोठून येतो ते निश्चित करावे. मागच्या नळकांड्यातून निघणारा निळा धूर म्हणजे जळणारे तेल. ते झिजलेल्या कड्यांप्रमाणेच झडपांच्या सैल गाइडमधूनही आलेले असू शकते. थंड सकाळी काही मिनिटे दिसून नाहीशी होणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. एंजिन पुरते तापल्यावरही तेल भरावयाच्या तोंडातून धूर येत राहिला, तरच कोठीचा विचार करावा.

त्यानंतर बिनखर्चाच्या गोष्टी पाहाव्यात. नळ्या, त्यांच्या मुळाशी असलेली जाळी आणि तेलाच्या तोंडाचे झाकण गाळाने बुजले आहे काय? तेल खुणेच्या वर भरले आहे काय? तेलाची पातळी आपोआप वाढली असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा. अशा स्थितीत एंजिन चालवू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगचा नाश करते आणि कोठीतील पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते.

मार्ग मोकळे असूनही धूर राहिला, तर मोकळ्या जागेत एंजिन मंद चालवून तेलाच्या तोंडावर तळहात धरावा. वायू ठेक्यात फुसफुसत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर दोषी असतो. सलग लोटत असेल, तर झीज सर्वत्र असते. एकेका प्लगची तार निराधार न सोडता एंजिनाच्या धातूला टेकवून तो सिलिंडर बंद पाडावा. ज्याच्या वेळी फुसफुस थांबेल, तो सिलिंडर ओळखला गेला.

याची खात्री दाबमापकाने होते. एंजिन तापवून, सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब नोंदवावा. सर्वांत अधिक व सर्वांत कमी दाबात सुमारे १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असू नये. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब स्पष्ट वाढला, तर कड्या वा सिलिंडरची भिंत झिजली आहे. वाढला नाही, तर दोष झडपांत किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये आहे. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचा दाब सारखाच पडला असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट जळाल्याचे ते लक्षण होय.

निदानानंतर

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत कड्या झिजलेल्या नसून केवळ खाचांत चिकटलेल्या असू शकतात. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडून काही दिवस मुरू दिल्यास आणि त्यानंतर गाडी सावकाश चालवून तेल बदलल्यास त्या पुष्कळदा सुटतात. म्हणून सिलिंडर पुन्हा बोअर करण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा.

मागच्या बाजूने क्लचवर तेल गळते म्हणून एंजिन उतरवण्याचीही घाई नसावी. या एंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला घट्ट सील नसून तेल परत फिरवणारे आटे असतात. कोठीत दाब वाढला, की त्यांचे काही चालत नाही. वायूचा मार्ग साफ होताच अशी गळती कित्येकदा कमी होते.

याउलट, धूर दृष्टीआड व्हावा म्हणून झिजलेल्या एंजिनाला आधुनिक शोषक झडप जोडणे योग्य नव्हे. मग तोच वायू व तेलाचे तुषार सिलिंडरांत जातात, प्लग काळवंडतात आणि मंद गतीचे मिश्रण बिघडते. धूर तेवढा दिसेनासा होतो. झीज मात्र चालूच राहते.