खिशातले दफ्तर आणि त्याचा करार

पामपायलटवर इंग्रजीतला ‘व्ही’ सवयीप्रमाणे काढला, की पुष्कळदा पडद्यावर ‘यू’ उमटे. ‘व्ही’च हवा असेल तर तो उलटा, उजवीकडून डावीकडे काढायचा, नाहीतर शेवटी त्याला छोटी शेपटी जोडायची. एका अक्षरासाठी एवढा उपद्व्याप करायला लावणारे यंत्र ग्राहकांनी दुकानदाराला परत नेऊन द्यायला हवे होते. झाले उलटेच. १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या या हातात मावणाऱ्या डायरीचा खप दीडेक वर्षात दहा लाखांच्या घरात गेला. गैरसोयी असूनही लोकांना ती आवडली, एवढे म्हणून हे कोडे सुटत नाही. तिचा त्रास आणि तिचा आनंद ही एकाच कराराची दोन कलमे होती. माणसाने थोडेसे शिकायचे आणि त्या बदल्यात यंत्राने दिलेला शब्द पाळायचा, असा तो करार होता.

हा करार आधीच्या अपयशांतून सुचलेला होता. १९९३ मध्ये ॲपलचा ‘न्यूटन’ हा हातातला संगणक ६९९ डॉलरना आला. कोणाचेही नेहमीचे हस्ताक्षर वाचण्याचा त्याचा दावा होता, पण सुरुवातीच्या यंत्रांनी लिहिलेल्या शब्दांचे असे काही भलतेच शब्द केले, की व्यंगचित्रकारांना आयता विषय मिळाला. पाम कंपनीचे सॉफ्टवेअर असलेले ‘झूमर’ही त्याच वर्षी येऊन पडले. यातून पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी एक अचूक धडा घेतला. आपली स्पर्धा संगणकाशी नसून कागदाच्या डायरीशी आहे, हे त्यांनी ओळखले. सदऱ्याच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा आणि लेखणी म्हणून चॉपस्टिकची काडी घेऊन ते वावरत. कोणी भेटीची वेळ विचारली, की ठोकळा काढून तारीख पाहिल्याचा आव आणत. असे यंत्र दिवसातून किती वेळा आणि कशासाठी खिशाबाहेर येईल, हे यंत्र बनण्याआधीच त्यांना जाणून घ्यायचे होते. उत्तर चार शब्दांचे निघाले : तारखा, पत्ते, कामे, टिपणे. तेवढ्यासाठी १६० बाय १६० ठिपक्यांचा एकरंगी पडदा आणि दोन बारीक सेल पुरले. सर्वांत स्वस्त ‘पायलट १०००’मध्ये स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती आणि किंमत २९९ डॉलर.

करारातले माणसाचे कलम म्हणजे ‘ग्राफिटी’ ही लिपी. तिच्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढायचे. ‘ए’ची आडवी दांडी गळाली आणि उरले छपराचे टोक. ‘टी’ म्हणजे आडवी रेघ ओढून तशीच खाली आणायची. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बोरू कमीत कमी वेळा उचलावा लागावा म्हणून शिरोरेघ आधीच ओढून ठेवणाऱ्या आणि अक्षरांना वळण देणाऱ्या मोडीने शतकानुशतके आपली दफ्तरे चालवली. लिपी हाताच्या वेगासाठी वाकवता येते, हे आपल्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. फरक एवढाच, की मोडी वाचणाऱ्यालाही शिकावी लागे. ग्राफिटी फक्त लिहिणाऱ्याने शिकायची, पडद्यावर अक्षर उमटे ते साध्या छापील वळणाचेच.

माणसाने यंत्राची लिपी शिकावी हा उलटा न्याय झाला, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो वरवर बिनतोड वाटतो. पण न्यूटन चुकला तर का चुकला हे लिहिणाऱ्याला कळत नसे, त्यामुळे पुढच्या वेळी काय बदलावे हेही उमगत नसे. ग्राफिटीत ‘व्ही’चा ‘यू’ झाला, तर शेपटी राहिली हे लगेच ध्यानात येई. ज्या चुकीचे कारण कळते ती सरावाने जाते आणि तिच्या जागी कसब येते. कारण न कळणाऱ्या चुकीपासून फक्त चरफड उरते. पुढे झेरॉक्सने एका फटकाऱ्यात लिहिण्याच्या आपल्या पेटंटवरून पामला कोर्टात खेचले आणि २००३ मध्ये पामने ‘ग्राफिटी २’ आणली. तिची अक्षरे नेहमीच्या वळणाला जवळची होती, पण ‘आय’, ‘के’, ‘टी’ आणि ‘एक्स’साठी दोन फटकारे लागत. अनेक जुन्या वापरकर्त्यांनी त्यावर नाके मुरडली. लिपी सोपी झाली होती, पण त्यांनी कमावलेला हात वाया गेला होता.

यंत्राचे कलमही तितकेच रोखठोक होते. तारखांची कळ दाबली, की बंद यंत्र जागे होऊन तारखाच समोर येत. मधे वाट पाहणे नाही. लिहिलेले जतन करण्याची वेगळी आज्ञा नव्हती, लिहिले की ते राहिले. आपल्याकडे ‘डिजिटल डायरी’ म्हणून मिरवणाऱ्या बारीक कळांच्या यंत्रांत भरलेली माहिती बहुधा तिथेच अडकून पडे. पायलट मात्र संगणकाला जोडलेल्या बैठकीत ठेवून एक बटण दाबले, की संगणकातली नोंदवही आणि खिशातली एकमेकींशी जुळत. जिथे यंत्र या कलमाला चुकले, तिथला त्रास मात्र अक्षम्य होता. सगळी माहिती सेलच्या जिवावर टिकून होती. सेल बदलायला हाताशी जेमतेम मिनिटभर असे, आणि सेल पूर्ण संपू दिले तर पत्ते, तारखा सगळे पुसले जाई. जुन्या यंत्रात टिचकी एकीकडे मारावी आणि ती दुसरीकडे लागावी, असेही होई. असल्या त्रासातून कोणाला कसलेच कसब मिळत नाही, म्हणून त्याचे समर्थन जुन्या आठवणींच्या मायेनेही करू नये.

मग खिशातली कागदी डायरी काय वाईट होती? ती सेलवर चालत नाही आणि पडून फुटत नाही, हे खरेच. पण हरवलेल्या डायरीची दुसरी प्रत कुठे नसते आणि दर जानेवारीत सगळे पत्ते नव्या वहीत उतरवावे लागतात. अखेरचा आक्षेप अधिक जड आहे : हा करार इतका चांगला होता, तर तो टिकला का नाही? २०१० मध्ये एचपीने पाम विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या घराण्याची उपकरणे बंद केली. पण करार खोटा निघाला म्हणून हे झाले नाही. त्याच खिशात फोन आला आणि एका खिशात दोन यंत्रे कोणी बाळगत नाही. खुद्द हॉकिन्स यांनी स्थापन केलेल्या दुसऱ्या कंपनीने २००२ मध्ये फोन आणि डायरी एकत्र करणारा ‘ट्रिओ’ आणला होता. त्या फोनवर ग्राफिटीची जागा कळफलक घेऊ लागला.

आजचा फोन पायलटपेक्षा प्रत्येक मोजमापात मोठा आहे. शब्द पूर्ण होण्याआधी तो ओळखतो, आणि चुकला तर न्यूटनसारखाच कारण न सांगता चुकतो. आपण शब्द खोडून पुन्हा लिहितो आणि तो पुन्हा बदलतो. पायलट शहाणा नव्हता, तसा त्याचा दावाही नव्हता. ‘व्ही’ची शेपटी राहिली तर तो ‘यू’च दाखवी आणि शेपटी जोडली, की दर वेळी ‘व्ही’. माणसाने हात वळवला तो एवढ्या खात्रीसाठी, आणि त्या २९९ डॉलरांत सर्वांत मोलाचे हेच होते.