मनाशी बोलायची रीत

‘असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ तिन्हीसांजेला कोणी ‘माझं काही खरं नाही’ म्हणालं, की घरातलं मोठं माणूस हमखास असं दटावतं. वास्तू ऐकते की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. आपण मात्र आपलं बोलणं ऐकत असतो. मोठ्याने बोललेलं आणि मनातल्या मनात बोललेलंही. या स्वसंवादाचा जागृत मनावर आणि नकळत चालणाऱ्या मनावर परिणाम कसा होतो, ते पायरीपायरीने पाहू.

आवाज येतो कुठून?

तीन-चार वर्षांचं मूल ठोकळे रचताना पाहा. ‘आता लाल. नाही नाही, हा मोठा आहे. हळू... पडला!’ समोर कोणीही नसतं. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांच्या मते ही बडबड वयाबरोबर विरून जाते. रशियातल्या लेव्ह वायगॉट्स्की यांनी उलट मांडणी केली. त्यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. ही बडबड विरत नाही, ती आत जाते, असं त्यांचं म्हणणं. आधी आई म्हणते ‘हळू ठेव’, मग मूल स्वतःलाच ‘हळू’ म्हणतं आणि पुढे ओठ न हलवताच तो शब्द काम करू लागतो. म्हणजे आपल्या मनातला आवाज घडतो तो आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यातून. घरात, शाळेत ऐकलेला ‘तुला नाही जमणार’ हा शेरा पुढे ‘मला नाही जमणार’ होतो, तो याच वाटेने.

जागृत मनात काय घडतं?

मोबाइलवर आलेला ओटीपी दुसरीकडे टाकेपर्यंत आपण तो मनात पुटपुटत राहतो. पुटपुटणं थांबलं की आकडे निसटतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी १९७४ मध्ये अशा तात्पुरत्या स्मृतीची रचना मांडली. तिच्यात शब्दांसाठी वेगळी सोय असते, पण जागा फार थोडी. साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल एवढाच मजकूर तिथे टिकतो.

आता परीक्षेला बसलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. गणित अवघड आहे. दोन पायऱ्या मनात धरून तिसरी काढायची आहे. तेवढ्यात आतून सुरू होतं, ‘वेळ संपत आला, मी नापास होणार.’ हे वाक्यही त्याच तोकड्या जागेत शिरतं आणि धरून ठेवलेली पायरी सुटते. तिला गणित येत नव्हतं असं नाही. गणिताला लागणारी जागा काळजीने अडवली होती.

नकळत मनापर्यंत कसं पोचतं?

इथे नकळत मन म्हणजे फ्रॉइडने सांगितलेला दडपलेल्या इच्छांचा तळ नव्हे. लक्ष न देता आपोआप चालणारी मनाची कामं, एवढाच अर्थ घेऊ. गाडी शिकताना माणूस मनात घोकतो, ‘क्लच दाब, पहिला गिअर टाक, क्लच हळूहळू सोड.’ सराव झाला की शब्द गळून पडतात, हातपाय आपसूक चालतात आणि माणूस शेजारच्याशी गप्पा मारत गाडी हाकतो.

विचारांचंही तसंच होतं. ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य शेकडो वेळा मनात आलं, की पुढे ते पूर्ण उमटतही नाही. वही उघडताच पोटात गोळा येतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात अशा आपोआप येणाऱ्या विचारांवर आपली उपचारपद्धती उभारली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हेच सांगितलं, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपलं स्वतःशी बोललेलं वाक्य असतं. ‘पहिला नंबर आलाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ आणि ‘पहिला नंबर यावा असं फार वाटतं, पण नाही आला तर वाईट वाटेल एवढंच’ या दोन वाक्यांमधून दोन वेगळ्या भावना निघतात. प्रा. कि. मो. फडके आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हा विचार मराठी माणसांपर्यंत नेला.

मग गोड वाक्यं घोकावीत का?

सरसकट नाही. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या प्रयोगात, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य घोकल्यावर ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर मुळातच कमी होता, त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. न पटणारं वाक्य मनात आलं की ‘कशावरून?’ हा प्रश्नही पाठोपाठ येतो.

‘घाबरू नकोस’ हा हुकूमही फारसा चालत नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी अट घातल्यावर माकडच आठवतं, हे आपल्याकडच्या गोष्टीत आहेच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगून प्रयोगातही तेच दाखवलं.

उपयोगी पडतं ते काय?

पहिलं, स्वतःला नावाने हाक मारा. मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस यांच्या २०१४च्या संशोधनात ऐनवेळी भाषण करायला सांगितलेल्या लोकांपैकी ज्यांनी तयारीत ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव किंवा ‘तू’ वापरलं, त्यांचं भाषण अधिक चांगलं झालं आणि नंतरची खंतही कमी राहिली. ‘मी का घाबरतोय?’ऐवजी ‘सुनील, तुला नेमकी कशाची भीती वाटतेय?’ असं विचारलं, की आपण आपल्याकडे जरा लांबून पाहतो. मनाला समोर बसवून समजावण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक मनालाच उद्देशून आहेत.

दुसरं, मोघम संकल्प सोडून ‘अमुक झालं, की तमुक करीन’ असं ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. ‘प्रश्न अडला, की पेन खाली ठेवून तो पुन्हा एकदा वाचीन’ असं नेमकं ठरवलेलं असलं, की ती वेळ येताच कृती जवळजवळ आपोआप सुचते. जागृत मनाने एकदा घेतलेला निर्णय नकळत मनाकडे सोपवायचा हा सरळ मार्ग.

तिसरं, नाजूक हातोटीच्या कामात जोशपूर्ण घोषणांपेक्षा कृतीची सूचना बरी. नेम धरताना ‘मी जिंकणारच’पेक्षा ‘खांदा सैल, नजर लक्ष्यावर’ अधिक कामाचं.

या सगळ्याला मर्यादा आहेत. नुसत्या स्वसंवादाने आजार बरे होत नाहीत. मनातला आवाज सतत घालूनपाडून बोलत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा.