डिस्क गोल्फ: झाडी, पाणी आणि ‘हा थ्रो मारू का?’

आजच्या भागात डिस्क गोल्फ. त्यातही डोकं खाणारा प्रकार घेऊ: दाट झाडी आणि मध्येच तळं किंवा ओढा असलेलं मैदान.

आधी खेळ थोडक्यात. हा गोल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी डिस्क. फ्रिसबीपेक्षा लहान आणि पातळ कडेची. भोकाच्या जागी खांबावर साखळ्या लोंबणारी बास्केट. डिस्क जिथे पडेल तिथूनच पुढचा थ्रो, आणि कमीत कमी थ्रोमध्ये ती बास्केटमध्ये घालायची. मैदानात अशा ९ किंवा १८ बास्केट असतात. पहिलं कायमचं मैदान १९७५ साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखलं. साखळ्यांची बास्केटही त्यांनीच आणली.

आता झाडीत शिरू. डिस्क तीन प्रकारच्या: लांब जाणारी ड्रायव्हर, मधली मिडरेंज आणि जवळच्या थ्रोसाठी पटर. नवखा माणूस सरळ ड्रायव्हर काढतो आणि तिथेच फसतो. ड्रायव्हर वेगात असते, खोडाला आपटली की कुठल्या कुठे उडते. उजव्या हाताने बॅकहँड मारला तर शेवटी डावीकडे वळतेही. झाडीत मिडरेंज किंवा पटर बरी. हळू जाते, पण सरळ जाते. आणि नजर झाडावर नको, दोन झाडांमधल्या फटीवर ठेवा.

समजा डिस्क आत झुडपात गेली. मग तिथून बास्केट गाठायचा हट्ट नको. एक छोटा थ्रो मारून मोकळ्या वाटेवर या. एक थ्रो जातो, पण तीन वाचतात. फांद्या मोडून वाट करायला नियमातच मनाई आहे. डिस्क फांदीत अडकली तर साधारणपणे तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून खेळायचं.

आता पाणी. हद्दीबाहेर ठरवलेल्या पाण्यात डिस्क पूर्ण गेली की एक थ्रोचा दंड. काठाला थोडी जरी टेकली असेल, तर वाचलात! दंडानंतर आधीच्या जागेवरून परत मारा, किंवा डिस्कने जिथे हद्द ओलांडली त्या ठिकाणापासून एक मीटरच्या आत उभं राहून मारा.

मग पाण्यावरून मारायचं की वळसा घालायचा? चला, हिशोब करू. समजा पाण्यावरून थेट जमलं तर ३ थ्रोमध्ये काम होतं. वळशाने ४ लागतात. फसलं तर? तो गेलेला १, दंडाचा १ आणि त्याच जागेवरून वळशाचे ४, म्हणजे ६. निम्म्या वेळा जमत असेल तर सरासरी साडेचार पडते. तीनपैकी दोनदा जमेल तेव्हा कुठे वळशाची बरोबरी होते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा थ्रो मला तीनपैकी दोनदापेक्षा जास्त जमतो का? एकदा जमला होता, हे उत्तर नव्हे.

हे ऐकून सातारा-सांगलीतल्या कुणालाही वाटेल, झाडी आपल्याकडे आहे, पाणी आहे, मग अडलंय कुठे? थांबा जरा. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. पण सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेत. कागदावर पाण्याचा दंड एक थ्रो, इथे तो जिवावर बेतू शकतो. नदीकाठी हा खेळ मांडूच नका. दुसऱ्या कुठल्या पाण्यात डिस्क गेली तरी ती गेली असं समजा. खोली माहीत नसेल तिथे उतरायचं नाही.

झाडीचंही तसंच. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य सांबर-चितळांचं घर आहे, आणि ते जंगल माणसांनी झाडं लावून उभं केलंय. कासचं पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या फुलांवर पाय पडला की नुकसान झालंच. दोन्ही जागा फिरायला छान, डिस्क फेकायला नाहीत.

मग सराव कुठे? शाळा-कॉलेजच्या मैदानाच्या कडेला पाच-सहा झाडं असली तरी पुरे. परवानगी मात्र विचारा. बास्केट नसेल तर बादली किंवा टोपली ठेवा. पाण्याच्या जागी चुन्याची रेघ मारा, ती ओलांडून आत पडली की एक थ्रो दंड. एकाच जागेवरून दहा थ्रो मारा आणि किती फटीतून गेले ते मोबाईलवर लिहून ठेवा. समोर कुणी चालत असेल तर थांबा. ही पातळ कड जोरात लागते.

महिनाभर ही नोंद ठेवलीत की ‘मारू का?’चं उत्तर तुमच्याच मोबाईलमध्ये असेल. तुमचा आकडा आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!