एकच गॅरेज, दोन दावेदार

रविवारी पहाटे चारला होसकोटेला आलात, तर एक गंमत दिसेल. दम बिर्याणीसाठी लांबलचक रांग आणि रस्त्याच्या कडेला बंगळुरूहून आलेल्या बाइक्सची दुसरी रांग. हातात प्लेट आली की पोरांचे वाद सुरू होतात. रॉसी मोठा की मार्केझ? डुकाटीने मार्टिनवर अन्याय केला का? तुमच्या घरात एखादा बाइकवेडा असेल, तर ही नावं तुमच्याही कानावर पडली असतील. पण या शर्यतींतली सगळ्यात कडवी चुरस कुणाशी असते, माहीत आहे? अनेकदा आपल्याच टीममधल्या जोडीदाराशी!

जोडीदारच पहिला प्रतिस्पर्धी

कारण सोपं आहे. दुसऱ्या कंपनीच्या रायडरकडून हरलं, तर बाइकला दोष देता येतो. जोडीदाराकडे मात्र बहुतेक वेळा तशीच बाइक असते. तो पुढे गेला, की सबब उरत नाही. पुढच्या वर्षीचा करारही याच तुलनेवर ठरू शकतो.

२००८ मध्ये यामाहाने व्हॅलेंटिनो रॉसीच्या जोडीला तरुण होर्हे लोरेन्झोला आणलं. दोघांचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे, म्हणून गॅरेजच्या मधोमध भिंत उभी राहिली. पुढच्या वर्षी टायर एकाच कंपनीचे झाले, भिंत मात्र तशीच राहिली!

२०१५ मध्ये हेच दोघे पुन्हा एका टीममध्ये होते आणि विजेतेपदासाठी एकमेकांशीच झुंजत होते. मलेशियात रॉसी आणि होंडाचा मार्क मार्केझ एकमेकांना भिडले, मार्केझ पडला. शिक्षा म्हणून रॉसीला शेवटची शर्यत सगळ्यांच्या मागून सुरू करावी लागली. तो चौथा आला आणि लोरेन्झो अवघ्या ५ गुणांनी जगज्जेता झाला.

महिंद्राची दोन पोरं

आता आपल्या घरची गोष्ट. मुंबईची महिंद्रा कंपनी २०११ मध्ये जागतिक शर्यतींत उतरली. २०१५ आणि २०१६ मध्ये तिच्या बाइक्सवर मोटो३ गटात दोन कोवळी पोरं एकाच टीममधून धावत होती. इटलीचा फ्रान्सेस्को बान्याया आणि स्पेनचा होर्हे मार्टिन. जून २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला बान्यायाने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. त्याच मोसमात ब्रनोला मार्टिन दुसरा आला. २०१७ नंतर महिंद्रा या शर्यतींतून बाहेर पडली, पण पोरं थांबली नाहीत. २०२३ आणि २०२४ मध्ये मोटोजीपीच्या विजेतेपदासाठी शेवटपर्यंत लढले ते हेच दोघे. तेही दोघे डुकाटीवरच!

पहिला, तरीही नको

फरक एवढाच, की बान्याया डुकाटीच्या मुख्य टीममध्ये होता आणि मार्टिन प्रामॅक या जोडटीममध्ये. मुख्य टीममधली जागा मार्टिनला दोनदा नाकारली गेली. २०२२ मध्ये ती एनिया बास्तियानिनीला मिळाली. जून २०२४ मध्ये मार्टिन गुणतक्त्यात पहिला असतानाही डुकाटीने मार्केझला निवडलं. मार्टिनने लगेच एप्रिलियाशी करार केला.

मग उरलेला मोसम त्याने रुसून घालवला का? नाही. २०२४ मध्ये बान्यायाने रविवारच्या ११ शर्यती जिंकल्या, मार्टिनने फक्त ३. पण बान्याया वारंवार पडला आणि मार्टिन सातत्याने गुण जमवत राहिला. शेवटी ५०८ विरुद्ध ४९८. मार्टिन जगज्जेता! आणि विजेत्याचा १ नंबर त्याच्यासोबत एप्रिलियाकडे गेला.

घरातली टीम

माझी दहावी आणि चुलतभावाची दहावी एकाच वर्षी होती. घरात रोज आमच्या मार्कांची तुलना व्हायची. तेव्हा मला त्याचा इतका राग यायचा, की आम्ही वर्षभर धड बोललो नाही. खरं तर तो माझा शत्रू नव्हताच. भिंत मोठ्यांनी घातली होती आणि आम्ही ती जपत बसलो.

तुमच्या घरातही दोन भावंडं असतील, तर टीमचे मालक तुम्हीच आहात. चुरस असू द्या, त्यातूनच दोघं पुढे जातात. पण एकाला सतत ‘मुख्य टीम’ आणि दुसऱ्याला ‘जोडटीम’ करू नका. आणि ज्याला डावललं गेलंय, त्याला मार्टिनची गोष्ट नक्की सांगा.

बाइकवेड्या लेकरासाठी आणखी एक. होसकोटेवरून जाणारा जुना मद्रास रोड पुढे चेन्नईच्या दिशेने जातो आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला शर्यतींचा खरा ट्रॅक आहे. मित्राला हरवायचंच असेल, तर तिथे जा म्हणावं, पूर्ण सेफ्टी गिअर घालून आणि प्रशिक्षण घेऊन. होसकोटेच्या रस्त्यावर मात्र शर्यत नको. इथे फक्त बिर्याणी!