अमळनेरचे प्राचार्य आणि कपाटामागची चटई

जळगावच्या एमआयडीसीतून प्लास्टिकच्या चटया देशभर जातात. लग्नाचा मांडव असो, भंडाऱ्याची पंगत असो की उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं असो, हीच चटई लागते. शहरातल्या मेहरूण भागातल्या घरांतही कपाटामागे एखादी तरी गुंडाळून उभी केलेली असतेच. तरी योग सुरू करायचं ठरलं की आपण आधी मोबाइलवर ‘योगा मॅट’ शोधायला लागतो. मॅट घरी येईपर्यंत निम्मा उत्साह ओसरतो, आणि उरलेला पाहुणे येतात तेव्हा जातो.

घरी योग करणं तसं अवघडच. मेहरूण तलावाच्या काठी पहाटे चालणाऱ्यांची रीघ लागते, कारण तिथं सोबत असते, राजकारणावर दोन शब्द होतात, परतताना चहाची टपरी लागते. घरात एकट्यानं चटई टाकली तर यातलं काहीच नसतं. उलट कूकरची शिट्टी असते, नळाला पाणी यायची वेळ असते, आणि ‘हे काय चाललंय’ असं बघणारी घरची माणसं असतात. २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला योग दिनासाठी मैदानं भरतात, फोटो निघतात. २२ जूनला काय करायचं ते मात्र ज्याचं त्यानं बघायचं असतं.

या २२ जूनचा विचार शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी केला, त्यांचा एक धागा आपल्या खान्देशातून जातो. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ चा. तरुणपणी ते बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडले. नंतर अमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या कामात पडले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे १९२० च्या सुमारास ते महाविद्यालय बंद पडलं. त्याच सुमारास नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे त्यांचं योगाचं शिक्षण चाललं होतं. आखाड्यात तयार झालेलं शरीर, अमळनेरला मुलांना शिकवून आलेली शिक्षकी शिस्त आणि मालसरचा योग, असं त्रिकूट जमलं आणि १९२४ साली कैवल्यधाम उभं राहिलं. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून पाहिलं. ‘योगमीमांसा’ हे त्यांचं नियतकालिकही त्याच वर्षीचं. १९२७ साली रक्तदाबानं आजारी असलेल्या गांधीजींनी त्यांना पत्रं लिहून आसनांबद्दल सल्ला विचारला होता.

मला कुवलयानंदांचं सगळ्यात मोठं काम प्रयोगशाळेत दिसत नाही. आसनांवरच्या त्यांच्या पुस्तकात शेवटी अभ्यासक्रम दिले आहेत. पूर्ण अभ्यासक्रम आहेच, पण ज्यांना वेळ कमी त्यांच्यासाठी छोटा आणि ज्यांची ताकद कमी त्यांच्यासाठी सोपा असेही आहेत. इतक्या मोठ्या अधिकारी माणसानं ‘थोडंच करा, चालेल’ असं छापून ठेवलंय. आपण मात्र पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालतो आणि तिसऱ्या दिवशी मांड्या धरून जिना उतरतो.

तेव्हा सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी करावी, आणि तीही हास्यास्पद वाटेल इतकी सोपी ठेवावी. दोन मिनिटं नुसतं ताठ बसून श्वासाकडे लक्ष. मग उभं राहून ताडासन आणि कमरेतून दोन्ही बाजूंना सावकाश वळणं. गुडघे-हात टेकून मार्जारासन, म्हणजे श्वासाबरोबर पाठ वर आणि खाली. पालथं पडून भुजंगासन. त्यात जोर पाठीचा हवा, हातांनी शरीर ढकलायचं नाही. उताणं होऊन एकेका पायाचं पवनमुक्तासन. शेवटी शवासन, आणि ते टाळायचं नाही. घाईत पहिली कात्री शवासनालाच लागते. पण आधीच्या ताणांचा हिशोब शरीर तिथंच मिटवतं. महिनाभर एवढंच करा. सूर्यनमस्कार, सर्वांगासन, शीर्षासन कुठं पळून जात नाहीत.

चटईबद्दल एक सावधगिरी. ही प्लास्टिकची चटई गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून उभ्यानं करायची आसनं अनवाणी, थेट फरशीवर करावीत. बसून-झोपून करायच्या आसनांसाठी सतरंजी किंवा दुमडलेली गोधडी चटईपेक्षा बरी. गुडघ्यांना नि मणक्याला मऊ लागते.

ज्यांना मांडी घालून बसताच येत नाही, त्यांची सुरुवात आसनांच्याही आधी होते. आपल्या आज्या चुलीपुढे, जात्यापाशी, निंदणीच्या वेळी शेतात जमिनीलगतच असायच्या. आता स्वयंपाक ओट्यावर, जेवण टेबलावर, टीव्ही सोफ्यावर. दिवसभरात एकदाही जमिनीवर न बसता माणूस झोपायला जातो. अशा घरात आधी रोज एक काम खाली बसून करावं. मटार सोलणं, मेथी निवडणं, पेपर वाचणं, काहीही. बुडाखाली दुमडलेली चादर घेतली की गुडघे खाली येतात. आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढीच पतंजलींची आसनाबद्दलची मुख्य अट आहे. गुडघा जमिनीला टेकलाच पाहिजे असं त्यांनी कुठं म्हटलेलं नाही.

वेळेचं गणित खान्देशात ऋतूनं ठरतं, आणि पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये ते कुणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेल्या स्लॅबखालची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, त्यामुळे संध्याकाळचा अभ्यास जवळपास बादच. या दिवसांत पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ गाठायची. गच्चीवर झोपत असाल तर उठलात की तिथंच, अंथरूण बाजूला सारून. जोरजोरात भस्त्रिका, कपालभाती तेव्हा नको. पावसाळ्यात गच्ची जाते, मग पलंग आणि कपाट यांच्या मधली जागा पकडायची. थंडीत उलटं होतं, पहाटे अंग आखडलेलं असतं, म्हणून आधी जागेवरच चालून, खांदे फिरवून अंग गरम करायचं. दिवाळी हा सुरुवातीला सगळ्यात बरा काळ. गारवा आलेला असतो आणि अभ्यंगस्नानाच्या निमित्तानं लवकर उठणं झालेलं असतं.

पण याच काळात भरिताचाही हंगाम. काट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि शेतातली पार्टी रात्री अकरापर्यंत! दुसऱ्या दिवशी पहाटे पोट जड असताना भुजंगासन करून बघा, म्हणजे कळेल. जेवणानंतर तीन-चार तास आसनं करू नयेत हा नियम शेवभाजी आणि वरण-बट्टीला जास्तच लागू आहे. हठयोगाचे ग्रंथ पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगतात. बट्टीवर तुपाची धार धरणाऱ्या मावशींपुढे हा श्लोक म्हणून काही उपयोग नाही. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी नुसतं बसून दहा मिनिटं सावकाश श्वास घ्यावा आणि तो दिवसही अभ्यासाचाच धरावा.

कारण मोजायचं ते रोजचं बसणं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सवयींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली होती. ती आपोआप व्हायला लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला हिशेबानं २५४ लागतील असं निघालं. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’ ही जाहिरात विसरावी. एखादा दिवस चुकला तर सवय मोडली नाही, हेही त्यात दिसलं. दिवाळी नोव्हेंबरात आली तर पाडव्यापासूनचे ६६ दिवस संक्रांतीच्या आसपास भरतात, मेहरूणची बोरं बाजारात असतात तेव्हा.

यातली ठरावीक प्रसंगाची गोष्ट आपल्या घरांना फार कामाची आहे. ‘सहा वाजता’ असं ठरवलं तर सहा वाजून पाच मिनिटं झाली की मन म्हणतं, आजचं गेलं. त्यापेक्षा ‘दूध तापवून उतरवलं की’ किंवा ‘पिण्याचं पाणी भरून झालं की’ असं ठरवावं. दूध रोज तापतंच. सुनेची सकाळ डब्यांत जात असेल तर तिची वेळ मुलं शाळेत गेल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी. आणि त्या पंधरा मिनिटांत तिला कुणी हाक मारायची नाही, हे घरातल्या मोठ्यांनी पाळायचं. माझ्या मते बायकांचा घरचा योग सुटतो तो बहुतेक या हाकांमुळे.

पतंजली अभ्यासाला दीर्घ काळ, अखंडपणा आणि आदर अशा तीन गोष्टी मागतात. ‘हठप्रदीपिका’ आणखी गमतीची आहे. योग बिघडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत तिनं अतिखाणं आणि वायफळ बडबड घातली आहे, तसा नियमांचा हट्टही घातला आहे. एक दिवस चुकला म्हणून सगळंच सोडून देणाऱ्यांनी ती यादी जरूर वाचावी.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरणं, जोराची कपालभाती आणि डोकं खाली जाणारी आसनं नकोत. काचबिंदू असणाऱ्यांनीही डोकं खाली घालू नये. मणक्याची चकती सरकलेल्यांनी पुढं वाकणं टाळावं, मानेचा त्रास असणाऱ्यांनी सर्वांगासन नि हलासन. गरोदरपणात तर जाणत्या शिक्षकाशिवाय नकोच. ताण जाणवला तर हरकत नाही, पण कळ आली की लगेच थांबायचं.

दोन-तीन महिने घरी झाले की एकदा शिक्षक गाठावा. जळगावात केसीई सोसायटीचा ‘सोहम’ हा योगाचा विभाग आहे, कॉलन्यांमधून सकाळचे वर्गही चालतात. नव्या माणसासारखं पहिल्यापासून शिकवा म्हणू नका. रोज घरी जे करता ते त्यांच्यासमोर जसंच्या तसं करून दाखवा आणि म्हणा, ‘सर, चुकतंय कुठं?’ भुजंगासनात खांदे कानांना चिकटताहेत, ताडासनात कंबर आत जातेय, श्वास मध्येच अडकतोय, अशा दोन-तीन गोष्टी ते सांगतील. तेवढ्या दुरुस्त्या घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी दूध उतरवल्यावर त्या करून बघायच्या.