सोयाबीनविरहित पशुखाद्य : निवडीचे निकष

पशुखाद्यातील प्रथिनांचा विचार करताना सोयाबीन पेंडीचे नाव प्रथम येते. तेल काढल्यावर उरणाऱ्या या पेंडीत सुमारे ४४ ते ४८ टक्के प्रथिने असून लायसिनचे प्रमाणही चांगले असते. २०२१ मध्ये तिचे भाव इतके भडकले की त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने जनुकीय सुधारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. कुक्कुटपालकांना यातून दिलासा मिळाला. सोयाबीन उत्पादक मात्र नाराज झाले. अशा वेळी सोयाबीन वगळता येईल काय, हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो.

त्याचे उत्तर जनावरागणिक बदलते. गाय-म्हशीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव साध्या नत्रापासूनही प्रथिने तयार करतात. कोंबडीस ही सोय नाही. तिला लायसिन व मेथिओनिन आहारातूनच मिळावे लागतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात सहज मिळणारी सरकीची पेंड दुभत्या जनावरास मानवते, परंतु अंडी देणाऱ्या कोंबडीस ती जपूनच द्यावी लागते. सरकीतील गॉसिपॉल लायसिनला बांधून ठेवते आणि साठवणुकीत अंड्याचा बलक हिरवट पडतो. कोठीपोट विकसित न झालेल्या वासरासही ही पेंड देऊ नये.

पेंडीच्या भावाची तुलना पोत्यावर न करता प्रथिनांवर करावी. टरफलासह काढलेल्या सरकी पेंडीत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात; म्हणजे ती सोयाबीन पेंडीच्या निम्म्या दराने मिळाली तरच प्रथिनांचा खर्च सारखा पडतो. तथापि तीत उरलेल्या तेलामुळे आणि तंतूमुळे दुधाच्या फॅटला हातभार लागतो. पशुपालकांची तिच्यावरील भिस्त केवळ सवयीची म्हणून हिणवणे योग्य नव्हे. सूर्यफूल पेंडीत मेथिओनिन चांगले, लायसिन कमी; करडईची पेंड टरफलामुळे तंतुमय. कोंबड्यांसाठी अशा पेंडी वापरताना कृत्रिम लायसिनची जोड द्यावी लागते.

भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने भरपूर असली, तरी लायसिनची उणीव तिथेही आहे. खरा धोका मात्र बुरशीचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीच्या तपासातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष गायीच्या खाद्यातून रूपांतरित होऊन दुधात उतरते व दूध उकळूनही नाहीसे होत नाही. भारतात दुधातील त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. त्यामुळे पावसाळ्यात ओलसर गोदामातील स्वस्त भुईमूग पेंड घेण्यापेक्षा महाग सोयाबीन पेंड परवडते.